एआय एजंट चुकीचा भाव का सांगतो? उत्तर ‘टूल’च्या दोन ओळींत

सोलापूर : ‘आज सोलापुरात कांद्याला काय भाव?’ हा प्रश्न शेतकरी आता मोबाइललाही विचारू लागला आहे. राज्याच्या कृषी विभागाचे ‘महाविस्तार एआय’ ॲप २०२५ पासून मराठीतून बाजारभाव, हवामान आणि पीक सल्ला देते. अशा सेवा वाढतील तसा एक दुर्लक्षित मुद्दा महत्त्वाचा ठरेल. एआयला जोडलेल्या ‘टूल’चे वर्णन कोण लिहितो आणि कसे लिहितो?

टूल म्हणजे काय?

एआय मॉडेलला आजचा भाव मुळात ठाऊक नसतो, तो बाहेरून आणावा लागतो. अशी माहिती आणणारी किंवा एखादे काम करणारी छोटी प्रणाली म्हणजे टूल. कोणते टूल कधी वापरायचे हे स्वतः ठरवणारा एआय म्हणजे एजंट.

या दोघांना जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक आणले. त्यात टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तपशील असतो. टूलच्या आतला कोड एजंटला सहसा दिसत नाही. वर्णन वाचूनच तो ठरवतो.

गडबड कुठे होते?

समजा, वर्णन एवढेच आहे : ‘कांद्याचा भाव देते.’ राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात मात्र कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. लाल आणि पांढऱ्या कांद्याची नोंद वेगळी असते. दर क्विंटलचा असतो, विचारणारा मात्र किलोचा हिशेब धरून बसलेला असतो. एजंटने जास्तीत जास्त दर ‘आजचा भाव’ म्हणून सांगितला, किंवा लिलाव बंद असताना परवाचा आकडा आजचा म्हणून दिला, तर शेतकरी त्याच भरवशावर गाडी भरतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याला सोलापुरात ५१२ किलो कांदा विकून हाती अवघ्या दोन रुपयांचा धनादेश आला होता. किलोला एक रुपया दर मिळाला आणि वाहतूक, हमाली, तोलाईत जवळपास सगळे गेले. दर आणि हाती येणारी पट्टी यांत किती अंतर असते, हे एजंटला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

चांगले वर्णन कसे असते?

तेच वर्णन असे लिहिता येईल : ‘दिलेल्या बाजार समितीतील कांद्याचे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर देते. लाल व पांढऱ्याचे दर वेगळे. दर रुपये प्रति क्विंटल. खर्च वजा केलेला नाही. नोंदीची तारीख सोबत येते, ती आजची नसल्यास उत्तरात सांगावी. नोंद नसल्यास उत्तर रिकामे येते. त्याचा अर्थ भाव शून्य असा नाही. उद्याचा अंदाज सांगण्यासाठी वापरू नये.’

काय मिळते, कोणत्या एककात, कधी वापरावे, कधी वापरू नये आणि काहीच न मिळाल्यास काय करावे, हे सगळे यात आले.

नवी पेठेलाही लागू

हा प्रश्न शेतमालापुरता नाही. नवी पेठेतील एखाद्या दुकानाने चादरी-टॉवेलच्या विक्रीसाठी एजंट लावला, तर ‘साठा पाहा’ आणि ‘ऑर्डर नोंदवा’ अशी दोन टूल लागतील. ‘५’ म्हणजे पाच नग की पाच डझन? ग्राहक नुसती चौकशी करत असताना ऑर्डर नोंदली गेली तर? नवा मुलगा कामावर आला की मालक या गोष्टी पहिल्याच दिवशी सांगतो. एजंटला त्या सांगण्याची जागा म्हणजे वर्णन. मात्र पैशांच्या व्यवहारात नुसत्या वर्णनावर विसंबू नये. ग्राहकाच्या होकाराशिवाय ऑर्डर पुढे जाणार नाही, अशी अट कोडमध्येच हवी.

म्हणूनच हे काम एकट्या प्रोग्रामरवर सोडणे योग्य नाही. अडते, बाजार समितीचे कर्मचारी आणि शेतकरी यांना वर्णन वाचून दाखवावे. ‘कांदा काय चाललाय?’, ‘पिशवीला किती?’ असे प्रश्न त्यांच्याच भाषेत विचारून एजंट तपासावा. सरकारी सेवांनी तर ही वर्णने मराठीत सर्वांसाठी खुली ठेवावीत. ज्या आकड्यावर शेतकरी माल बाजारात नेतो, तो आकडा नेमका कशाचा आहे हे जाणून घेण्याचा त्याला हक्क आहे.