पहिली रांग कोणाची?

बास्केटबॉल हा खेळ शाळेत जन्माला आला. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीमुळे कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी छपराखाली खेळता येईल असा खेळ रचला आणि फळांच्या दोन टोपल्या भिंतीवर टांगल्या. आज तेथील महाविद्यालयांची बास्केटबॉल क्रीडागृहे जगभर ओळखली जातात. टोलेजंग व्यावसायिक क्रीडागृहांना न लाभणारे चैतन्य या जुन्या वास्तूंत कोठून येते, हा प्रश्न वरवर खेळाचा वाटतो. माझ्या मते तो शिक्षणसंस्थेच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

कॅन्सस विद्यापीठाचे ॲलन फील्डहाउस १९५५ मध्ये उभे राहिले. तेथे पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी तेथील प्रेक्षकांचा आवाज १३०.४ डेसिबल इतका मोजला गेला आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. स्वतः नेस्मिथ या विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक होते. गंमत अशी की, येथील प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते एकटेच. तरीही तेथील मैदानाला नाव त्यांचेच आहे. केवळ जिंकणाऱ्यांना पूजणाऱ्या संस्थेत असे घडले नसते.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्यूक विद्यापीठाचे कॅमरन क्रीडागृह याहूनही लहान. १९४० मध्ये बांधलेल्या या वास्तूत जेमतेम नऊ हजार तीनशे माणसे मावतात. परंतु मैदानालगतची बाके विद्यार्थ्यांची असतात. ते सामनाभर उभे राहतात आणि खेळाडूच्या श्वासाइतके जवळ असतात. महत्त्वाच्या सामन्यासाठी ते कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात; पाळ्या लावतात, नियम करतात, अभ्यासही तेथेच करतात. म्हणजे सामन्याचा जल्लोष सामन्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

तेथून सुमारे पंधरा किलोमीटरवर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने १९८६ मध्ये एकवीस हजारांहून अधिक आसनांचे भव्य क्रीडागृह बांधले. खर्च मोठा होता आणि देणगीदारांनी तो उदारपणे उचलला. मैदानाजवळची उत्तम आसने साहजिकच त्यांच्या वाट्याला गेली. परिणामी उत्तम संघ असूनही ही वास्तू शांत प्रेक्षकांची म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे टोपलीमागील काही जागा विद्यार्थ्यांना द्याव्या लागल्या. प्रदेश तोच, खेळ तोच, चुरसही तीच. फरक होता तो पहिल्या रांगेत कोण, याचा. देणगीदाराविना वास्तू उभी राहत नाही हे खरे. पण तिच्यात प्राण भरतो तो विद्यार्थीच.

तथापि केवळ आवाजावरून क्रीडागृहाची थोरवी ठरवणे मला मान्य नाही. दार कोणाला उघडे होते, हेही विचारले पाहिजे. ड्यूक विद्यापीठाच्या अनेक इमारतींचा आणि कॅमरन क्रीडागृहाचा आराखडा ज्युलियन एबल या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराच्या प्रतिभेतून उतरला. मात्र त्या विद्यापीठात पदवीपूर्व अभ्यासक्रमाला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो १९६३ मध्ये. एबल १९५० मध्येच निवर्तले होते. ज्याने घर रेखले त्याच्याच माणसांना उंबरठा बंद, ही व्यथा आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण इंडियानापोलिसचे. तेथील बटलर विद्यापीठाच्या क्रीडागृहात राज्यातील शालेय अजिंक्यपदाचे सामने होत. क्रिस्पस ॲटक्स ही केवळ कृष्णवर्णीयांसाठी काढलेली शाळा १९२७ मध्ये सुरू झाली. पण १९४२ पर्यंत तिला राज्याच्या क्रीडा संघटनेत स्थानच नव्हते. १९५५ मध्ये, ऑस्कर रॉबर्टसन या तरुण खेळाडूच्या साथीने, याच शाळेने त्या क्रीडागृहात अजिंक्यपद पटकावले. खुल्या स्पर्धेत राज्याचे अजिंक्यपद जिंकणारी ती देशातील पहिली कृष्णवर्णीय शाळा ठरली. विजेत्यांचा सत्कार शहराच्या मध्यवर्ती चौकात होण्याची प्रथा होती. या मुलांची मिरवणूक मात्र कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बागेकडे वळवण्यात आली. क्रीडागृहात टाळ्या मिळाल्या, चौकात जागा मिळाली नाही. पुढच्याच वर्षी त्या मुलांनी एकही सामना न गमावता पुन्हा अजिंक्यपद जिंकले. जे वातावरण दाराबाहेर पडताच विरून जाते, त्याला थोर कसे म्हणावे?

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या क्रीडामहोत्सवात मांडव पाहुण्यांसाठी असतो आणि सोफे पहिल्या रांगेत असतात. विद्यार्थी उन्हात मातीवर बसतात. भाषणे लांबतात आणि सामने आटोपते घेतले जातात. पाहुण्यांचा मान राखावा, यात दुमत नाही. परंतु ज्यांच्यासाठी संस्था आहे, तेच सर्वांत दूर बसले, तर त्यांच्या मनात संस्थेविषयी आपलेपणा रुजणार कसा? निवासी शाळेत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. घरापासून दूर आलेल्या मुलाला ही शाळा आपली वाटते ती फलकावरील नावामुळे नव्हे. आपल्या हाकेने खेळणाऱ्या मित्राला बळ आले, या अनुभवामुळे.

त्यासाठी लाखोंचे क्रीडागृह लागत नाही. आखलेले मैदान, सावली, मुलांनी स्वतः रचलेल्या घोषणा, आणि प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळालाही टाळी देण्याचा संस्कार एवढे पुरेसे आहे. माजी विद्यार्थ्यांनी देणगी अवश्य द्यावी. पण तिच्यासोबत एक अट घालावी: आमचे आसन मागे ठेवा, पहिली रांग मुलांना द्या.