गजरे किती सांगायचे?

तुळशीचं लग्न लागलं की युनिटच्या कार्यालयात दोन प्रकारचे कागद वाढतात. एक रजेचे अर्ज, दुसरे भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याचे. दोन्हींवर कारण एकच : घरचं लग्न. अर्ज घेऊन जवान समोर आला की खर्चाच्या गोष्टी निघतातच, आणि अलीकडे हॉल व जेवणाच्या खालोखाल ‘डेकोरेशन’चं नाव येतं. डेकोरेशन म्हणजे काय, तर स्टेजमागची फुलांची भिंत. जवळ जाऊन पाहावं तर तिच्यातली बरीचशी फुलं प्लॅस्टिकची असतात. फोटो निघतात, रात्री ट्रकमध्ये भरून तीच भिंत पुढच्या लग्नाला जाते. पैसे मात्र निधीतून गेलेले असतात.

लग्नाची फुलं कशी निवडावीत यावर माझं मत सरळ आहे. फुलं माणसांच्या अंगावर असावीत. आधी हार, मुंडावळ्या आणि गजरे. त्यातून उरलं तर मंडप.

हे मत पोस्टिंगांनी शिकवलं. मदुराईचा मोगरा तोलून विकला जातो. तिथल्या ‘मदुराई मल्ली’ला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लग्नाच्या मुहूर्तांना त्याचा भाव असा चढतो की ऐकणाऱ्याने हात आखडावा, तरी साध्यातल्या साध्या घरची बाईसुद्धा लग्नाला निघताना तो माळतेच. बंगाली लग्नात नवरा-नवरी एकमेकांना घालतात त्या माळांत रजनीगंधा हमखास असते, म्हणजे आपला निशिगंध. आसामात बोहाग बिहूला नाचणाऱ्या मुलींच्या अंबाड्यात कपौ फूल दिसतं. हे ऑर्किड त्या राज्याचं राज्यफूल आहे आणि ते फुलतंही नेमकं त्याच सुमाराला. सगळीकडे रीत एकच : त्या मातीत त्या महिन्यात जे फुलतं ते घ्यायचं, आणि माळायचं.

यात देशी-परदेशी असा वाद मला घालायचा नाही. झेंडू आणि निशिगंध दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे. आज झेंडूशिवाय आपलं तोरण होत नाही. फूल कुठून आलं यापेक्षा ते आज कुणाच्या शेतातून आलं हे मी बघतो. आपल्या जवानांच्या घरी शेती असते. झेंडूला भाव मिळाला नाही म्हणून तो रस्त्याच्या कडेला ओतलेला त्यांनी पाहिला आहे. त्यांनी तरी प्लॅस्टिकची भिंत भाड्याने आणू नये.

आता थोडं कामाचं. मार्गशीर्ष-पौषातलं लग्न असेल तर शेवंती, झेंडू, गुलाब घ्या. त्या दिवसांत मोगऱ्याचा हट्ट धरू नका. फाल्गुनापासून पुढे मोगरा. सकाळचा मुहूर्त असेल तर पहाटे तोडलेल्या कळ्यांचे गजरे सांगा. कळी संध्याकाळी उमलते, त्यामुळे अक्षता पडेपर्यंत गजरा ताजा राहतो. अबोलीला वास नाही, पण ती लवकर मान टाकत नाही. सोनचाफा हाताळला की काळा पडतो, तो शेवटी आणा. बकुळ सुकली तरी तिचा वास राहतो. आणि हार हलका करा, नवरीची मान मोडेल एवढा नको.

इतकं ठरलं की फुलवाला विचारतो, “गजरे किती?” हा लेख खरं तर या प्रश्नासाठी आहे.

मांडवाच्या दारात एखादी मुलगी गजऱ्यांचं ताट घेऊन उभी असते. अत्तर, गुलाबपाणी, गजरा. बायका येतात, गजरा घेतात, आत जातात. मग एक बाई येते आणि ताट धरलेला हात आखडतो. मुलीला कुणी सांगितलेलं नसतं, तरी तिला कळतं. ती बाई नजर खाली घालून आत जाते आणि मागच्या रांगेत बसते. अशा कितीतरी बायका वीरनारी आहेत. पलटणीच्या कार्यक्रमात आम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसवतो, त्या आल्या की उभे राहतो. त्याच बाईला सख्ख्या पुतण्याच्या लग्नात गजरा मिळत नाही. तिच्या दारात शेवटची फुलं आली ती पुष्पचक्राची.

कुणी म्हणेल, त्या स्वतःच नको म्हणतात. म्हणतात, खरं आहे. पण आधी कुणी विचारलेलं नसतं, आणि नको म्हटलं की चारचौघांत अपमान तरी टळतो. कुणी म्हणेल, शुभकार्यात वाद कशाला? यात वाद काही नाही. सक्तीही नाही. इतर बायकांसारखाच तिच्याही हातात गजरा ठेवायचा. माळायचा की नाही ते ती ठरवील. पहिला गजरा वरमाईने किंवा नवरीच्या आईने स्वतः द्यावा, म्हणजे ताट धरलेल्या पोरीचा हातही थांबणार नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. आम्हा फौजी माणसांना परिपत्रकाचं मोल ठाऊक आहे आणि मर्यादाही. तो कागद कुणाच्या केसांत गजरा माळत नाही. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. त्याच घरातल्या जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फुलांशी नातं सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड जायला नको.

माजी सैनिकांना एक विनंती. गावात सुभेदार साहेबांना, कॅप्टन साहेबांना लग्नाच्या बैठकीत अजून मान आहे. देण्याघेण्याच्या याद्या होतात तेव्हा तुम्ही तिथे बसलेले असता. त्या यादीत गजऱ्यांचा आकडा तुम्ही सांगा : मांडवात येणाऱ्या बायका जितक्या, तितके. कुणाला वगळू नका. आणि वर दहा जास्त सांगा, पोरी दोन-दोन माळतात.