पोवळं घरात नको, पण पोरांना दाखवा तरी!

परवा भाच्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, हे बघा." काचेची टाकी, निळा उजेड, पोवळ्याच्या फांद्या आणि त्यात ठाण मांडून बसलेला बोटाच्या पेराएवढा पिवळाधमक मासा. नाव गोबी. विकणारा म्हणतोय, पोवळ्यासकट घरपोच पाठवतो. यंदाच्या हळदीचे चार पैसे आलेत, त्यातून टाकी घ्यायचं याचं ठरलंय.

पोरगं उगाच वेडं झालेलं नाही. मासा आहेच तसा. पोवळ्याच्या फांद्यांत जोडीनं राहतो. अंगावर खवले नाहीत, म्हणून विषारी बुळबुळीत थर. जोडीदार मेला तर गरजेप्रमाणे नराची मादी किंवा मादीचा नरसुद्धा होतो. 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फिजी बेटांवरचा एक अभ्यास आला होता. विषारी शेवाळ पोवळ्याला टेकलं की पोवळं पाण्यात रासायनिक इशारा सोडतं आणि काही मिनिटांत गोबी येऊन ते शेवाळ कुरतडतो. म्हणजे घर राखणारा भाडेकरू! कोकणच्या चिखलातला निवटाही याच गोतावळ्यातला.

आता दुसरी बाजू. पोवळं दगड नाही, झाडही नाही, तो प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद. "ऑनलाईन मिळतं म्हणजे चालतं" हा समज काढून टाका. विकणारा फोन बंद करून मोकळा होईल, पोलिसांच्या दारात तुम्ही उभे राहाल.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बसत नाही. या टाकीला पाणी लागतं पंचवीस-सव्वीस अंशांचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर. म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, पंप, दिवे, सगळं चोवीस तास. आणि आपली लाईट? पंप बंद पडला तर काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपतो. वर दर लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम खास क्षार, तेही शुद्ध पाण्यात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या भागात माशासाठी आरओ चालवायचा आणि निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडायचं, हे मनाला पटत नाही.

समुद्र तापल्यामुळं पोवळी आधीच पांढरी पडून मरताहेत. 2024 मध्ये जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर झालं. त्यात आपण हौसेसाठी फांद्या तोडायच्या?

पण भाच्याला नुसतं "नको" म्हणून मी मोकळा होणार नाही. त्याचं कुतूहल खरं आहे. प्रश्न आहे, ते त्यानं भागवायचं कुठं? शाळेच्या सहलीत मी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. 1951 साली सुरू झालेलं. काचेला नाक लावून उभा होतो, सर ओढून घेऊन गेले. ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. नव्याच्या घोषणा झाल्या, पण मराठवाड्यातल्या पोरांनी घोषणा बघायला मुंबईला जायचं का?

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपलीच पोवळी आहेत. पण कुरुंद्याहून मालवण म्हणजे राज्याचं दुसरं टोक. आमच्या किती शाळांची सहल तिथं गेली?

म्हणून मागण्या दोनच. वनखात्यानं ऑनलाईन पोवळं विकणाऱ्यांवर हात टाकावा, नुसत्या घेणाऱ्यावर नको. आणि सरकारनं मुंबईचं मत्स्यालय लवकर उघडावं, मराठवाड्यात एक छोटं तरी द्यावं. सरळ दार बंद ठेवलं की पोरं चोरवाटेनं जातात.

भाच्याला म्हटलं, टाकीचे पैसे राहू दे. दिवाळीत दोघं मालवणला जाऊ. तो अजून फुगलेलाच आहे. बघू.