उजेडाचे कुंपण

दोन माणसे बोलत उभी राहिली म्हणजे त्यांनी एकमेकांपासून किती दूर असावे, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. तरीही ती ते अंतर नेमके राखतात. एक फार जवळ आला की दुसरा नकळत पाऊल मागे घेतो. एडवर्ड हॉल ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६६ साली ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या देशबांधवांपुरते हे खाजगी अंतर सुमारे दीड ते चार फूट असते, असे त्याने नमूद केले. देशोदेशी ते निराळे असते, हेही सांगितले. परंतु खच्चून भरलेल्या गाडीत हे दीड फूट आणावयाचे कोठून? आणि 'जरा दूर सरा' असे म्हणण्याचे धैर्य तरी कितीजणांना होते?

हे काम वस्त्राकडून करून घ्यावे, असे काही कलावंतांना व शास्त्रज्ञांना वाटू लागले. त्यासाठी कापडातून वीज वाहावयास हवी. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत असे प्रयोग झाले. त्यांत वापरलेले एक कापड भारतात पूर्वापार विणले जाणारे जरीचे तलम रेशीम होते! त्याचा उभा धागा नुसत्या रेशमाचा. आडव्या धाग्याभोवती मात्र धातूची पातळ पट्टी गुंडाळलेली. उभ्यातून वीज जात नाही, आडव्यातून जाते. त्यामुळे शेजारशेजारच्या तारा परस्परांना न भिडता राहतात. शोभेसाठी विणलेल्या जरीत एवढा गुण दडलेला असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी होते? पुढे चांदीचा मुलामा दिलेले दोरे आले. आता अशा दोऱ्याने इवलेसे दिवे कापडावर शिवता येतात आणि गुंडीएवढ्या विद्युतघटावर ते लागतात.

नेदरलँड्समधील आनुक विप्रेख्त हिने 'स्पायडर ड्रेस' नावाचा पोशाख तयार केला आहे. त्याच्या खांद्यांवर कोळ्यासारखे यांत्रिक पाय आहेत. कोणी फार जवळ आले की संवेदक ते ओळखतात आणि पाय उभारले जातात. बुद्धीची करामत म्हणून हे कौतुकास्पद आहे. पण शेजाऱ्याला धाक घालून मिळविलेली जागा ही जागा नव्हे, तो किल्ला झाला. शिवाय असला पोशाख घालून कोणी बाजारात गेले, तर लोक दूर पळण्याऐवजी पाहावयास गोळाच होतील!

ह्याउलट एक साधे उदाहरण आहे. कापडावर शिवता येईल असा 'लिलीपॅड आर्डुइनो' नावाचा चपटा विद्युत्‌फलक २००७ साली बाजारात आला. तो वापरून सायकलस्वारांसाठी एक जाकीट शिवण्यात आले. त्याच्या पाठीवर दिव्यांचे दोन बाण असतात. डावीकडे वळावयाचे असल्यास स्वार बाहीवरील कळ दाबतो, डावा बाण लुकलुकतो आणि मागून येणारा आपण होऊन वाट देतो. दिवे नसलेल्या रस्त्याने शिकवणीहून परतणाऱ्या मुलाला हीच जागा हवी असते. तेथे हातभर अंतर म्हणजे त्याचा जीव असतो. हे वस्त्र कोणाला भिववीत नाही. 'मी येथे आहे, इकडे वळत आहे' एवढेच सांगते.

परावर्तक पट्टी स्वस्त असताना दिवे हवेत कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पट्टीला विद्युतघट लागत नाही. ती प्रत्येक सायकलस्वाराच्या अंगावर असावीच. पण मागच्या वाहनाचा झोत पडल्यावाचून ती चमकत नाही आणि वळण तर ती सांगूच शकत नाही.

अडचण आहे ती वेगळीच. दोऱ्यावरील चांदी धुण्यागणिक झिजते. घडीत दोन दोरे एकमेकांना टेकले की दिवे विझतात. आणि कापड विरले, तरी त्यात शिवलेले दिवे सहजी सुटे होत नाहीत; चांगले दिवेही चिंध्यांबरोबर उकिरड्यावर जातात. म्हणून ते शिवून न टाकता काढता-घालता येतील असे बसवावेत. त्याला फार मोठ्या शोधाचीही गरज नाही. धातूचे टिचबटण कापडही जोडते आणि वीजही.