आभाळातला डोळा



पोळ्यातल्या नर मधमाशीला इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणतात. पंख्यांवर गुणगुणत उडणाऱ्या, आत माणूस नसलेल्या विमानाला तेच नाव चिकटले. ही गुणगुण आता आपल्या खानदेशातही लग्नाच्या मांडवावर, गावठाणावर आणि कपाशीच्या शेतावर ऐकू येते. म्हणून या पाहुण्याची नीट ओळख करून घेऊ.

उंचावरून चित्र घेणे हे पूर्वी श्रीमंतांचे काम होते. मोठे निर्माते त्यासाठी क्रेन आणत, हेलिकॉप्टर भाड्याने घेत. नरडाण्याहून आग्रा रोडने धुळे ओलांडले की पुढे मालेगाव लागते. तिथल्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हा क्रेन कुठली असणार? या मंडळींनी बैलगाडीची क्रेन केली आणि सायकलीवरून कॅमेरा फिरवला. त्यांची ही खटपट ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ या २०२५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात साऱ्या देशाने पाहिली. आज अहिराणी गाण्याचे चित्रण करणारा पोरगाही भाड्याच्या ड्रोनने तापीचे पात्र वरून टिपतो. उंची स्वस्त झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण वरून गाव सुंदर दिसले, तरी आईच्या डोळ्यांतले पाणी वरून दिसत नाही. ते टिपायला कॅमेरा जमिनीवरच यावा लागतो.

लग्नात ड्रोन बोलवायचा तर दोन गोष्टी आधी विचारा. पहिली, यंत्राची नोंदणी आहे काय? दुसरी, चालवणाऱ्याजवळ परवाना आहे काय? २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवणाऱ्याला परवाना लागतो, आणि मोकळ्या क्षेत्रातही परवानगीशिवाय ४०० फुटांच्या वर जाता येत नाही. पंख्याची पाती वेगाने फिरतात, तेव्हा ड्रोन उतरताना लेकरांना दूर ठेवा. शेजारच्या अंगणात बायाबापड्या आंघोळ करत असतील, बाज टाकून निजल्या असतील. त्यांच्या अंगणावर कॅमेरा फिरू नये, हे शूटिंगवाल्याला आधीच बजावा.

दुसरे काम त्याहून महत्त्वाचे. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला पुष्कळ ठिकाणी पक्का कागदच नसे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणाचे फोटो घेऊन नकाशा होतो आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. इथे एक मर्म आहे. ड्रोनला वाडवडिलांची हद्द ठाऊक नसते. आधी जमिनीवर चुन्याने रेषा आखतात, तीच रेषा वरून फोटोत येते. म्हणजे मोजणी आभाळातून होत असली तरी निकाल चुन्यापाशीच लागतो. आखणीच्या दिवशी घरातले जाणते माणूस हजर हवे, शेजारीही हवा. वाद असेल तर तो त्याच वेळी बोलावा आणि लेखी द्यावा. आपल्या गावी मोजणी झालेली असेल, तर पत्रिका आणून क्षेत्र आणि नावे वाचून पाहा. घर चालवणाऱ्या बाईचे नाव त्यात आहे का, हेही घरात बसून बोला.

तिसरे काम फवारणीचे. पाठीवरच्या पंपाने कपाशी फवारताना औषध अंगावर उडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली, हे विसरता येत नाही. ड्रोन दहा लिटरच्या टाकीत साधारण एकरभर काम पाच-दहा मिनिटांत करतो आणि माणूस विषापासून लांब राहतो. मात्र पाणी कमी म्हणजे औषध तीव्र. वारा असताना ते शेजाऱ्याच्या भाजीवर, विहिरीवर, गोठ्यावर जाईल. म्हणून वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगूनच फवारावे. औषध मिसळणाऱ्याने हातमोजे आणि तोंडावरचे फडके सोडू नये. केंद्राने २०२३ मध्ये महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली आणि १५,००० गटांना ड्रोन देण्याचे ठरवले. आपल्या लेकीसुनाही हे यंत्र चालवू शकतात, हे त्यातून घेण्याजोगे.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि आणखी काही भागांत रात्री गावावर ड्रोन घिरट्या घालू लागले आणि चोरांच्या भीतीने लोक जागे राहिले. तसे आपल्याकडे दिसले तर दगड मारू नका, अफवा पसरवू नका. वेळ आणि दिशा टिपून पोलिसांना कळवा.

ड्रोन चांगला की वाईट, हा प्रश्न त्या यंत्राला विचारून उपयोग नाही. कोण उडवतो, कशासाठी, कोणाच्या संमतीने, हे तीन प्रश्न खाली उभ्या माणसाला विचारावेत. उत्तर सरळ आले, तर त्याला खुशाल चहा पाजा.