सगराची कुदळ आणि आमची धरणे

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वाशीम जिल्ह्यात बसून ‘सागर’ या शब्दाचा खल करणे हा रिकामा उद्योग आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा काटा गावाकडील डोंगराळ मुलूख पाहून यावा. कारण तिकडून निघालेली काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला आणि पुढे तापीला मिळून आपले पाणी अरबी समुद्रात नेते, तर त्याच परिसरात उगम पावणारी पूस पैनगंगेची वाट धरते आणि वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या संगतीने पूर्वसमुद्र गाठते. किनारा नसलेल्या जिल्ह्याच्या वाट्याला असे दोन समुद्र आले आहेत.

धरणाच्या जलाशयास ‘सागर’ म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. पैठणचा नाथसागर आणि उजनीचा यशवंतसागर सर्वांच्या परिचयाचे आहेत. गोड्या पाण्याच्या साठ्याला हे नाव देणे ही निव्वळ अतिशयोक्ती होय, अशी हरकत काही भाषाशुद्धीचे कैवारी घेतात. मला ती मान्य नाही. ‘दर्या’ हा शब्द फारसीत नदीलाही चालतो आणि समुद्रालाही. मराठीने तो समुद्रापुरता राखला, तरी दर्यापूर वसले ते आमच्या वऱ्हाडातच, आणि त्याचे नाव इमादशाहीतील दर्या इमादशहावरून पडल्याचे सांगतात. ‘सागर’ शब्दाची पौराणिक कुळी तर धरणाला विशेषच अनुकूल आहे. यज्ञाच्या अश्वाचा शोध करीत सगराच्या साठ हजार पुत्रांनी पृथ्वी खणली म्हणून तो सागर; अर्थात समुद्राच्या अनेक नावांपैकी हे एक नाव तरी थेट कुदळीतून जन्मले आहे, आणि मनुष्याने खणलेल्या जलाशयाचा त्यावर हक्क पोहोचतो.

मात्र महाभारतातील कथेचा उत्तरार्ध आपण सोयीस्करपणे विसरतो. अगस्तीने प्राशन केल्यामुळे रिता झालेला तो खड्डा भगीरथाने आणलेल्या गंगेने भरला, मातीने नव्हे. आमच्याकडे भिंत उभी राहते, नावाची पाटी लागते, आणि मग दर पावसाळ्यात उघड्या माळांची व शेतांची माती बिनदिक्कत आत उतरत राहते. गाळ उपसून तो शेतात पसरण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सरकारने 2017 साली काढली, ती स्तुत्यच आहे. पण हे काम त्या त्या वर्षीच्या मर्जीवर न सोडता त्याची कायमची तरतूद जमाखर्चात असली पाहिजे.

वाशीम शहराला पाणी पुरविणाऱ्या एकबुर्जीसारख्या जलाशयाच्या काठी एक फलक असावा, आणि त्यावर मूळ साठा किती, त्यातील किती भाग गाळाने व्यापला आणि गाळ शेवटी केव्हा काढला, एवढ्या तीन नोंदी असाव्यात. ज्या धरणाच्या बाबतीत त्या दफ्तरी सापडणार नाहीत, त्यास ‘सागर’ ही पदवी देण्याची तजवीज तूर्त तहकूब ठेवावी.