आदेमारच्या आधी तीन दिवस

हेलसिंकी ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी, २० जुलै १९५२ रोजी, रिओ द जानेरोच्या एकवीस वर्षांच्या एका तरुणाने उंच उडीत १.९८ मीटरवरची दांडी ओलांडली. जोझे तेलेस दा कोन्सेइसाव त्याचे नाव. ब्राझीलला अ‍ॅथलेटिक्समध्ये मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक, ब्राँझचे. त्याची आठवण काढायलाच हवी, कारण ब्राझीलच्या अ‍ॅथलेटिक्सची गोष्ट सांगणारे बहुधा २३ जुलैपासून सुरुवात करतात. त्या दिवशी आदेमार फेरेरा दा सिल्वाने तिहेरी उडीत एकाच दुपारी जागतिक विक्रम पुन:पुन्हा मोडून सुवर्ण जिंकले. साओ पाउलो फुटबॉल क्लबच्या मानचिन्हावरचे दोन सोनेरी तारे आजही आदेमारच्या विक्रमांचे आहेत. पुढे तो चित्रपटातही झळकला. तेलेसचा मान जेमतेम तीन दिवस टिकला.

साडेसहा फूट म्हणजे घरच्या दाराची चौकट. तिच्यावरून अंग पलीकडे टाकायचे, आणि पडायचे ते जमिनीवर. आजची कमरेएवढी फोमची गादी तेव्हा नव्हती. वाळू नाहीतर लाकडाचा भुसा. त्यामुळे उडी मारणाऱ्याला वर जातानाच खाली कसे यायचे याचा हिशेब करावा लागे. पाठीवर पडण्याची चैन कुणालाच परवडणारी नव्हती. डिक फॉस्बरीची ती उलटी उडी जगाने पाहिली १९६८ साली. हेलसिंकीत तेलेसच्या पुढे राहिले दोन अमेरिकन: केन वीस्नर २.०१ वर आणि वॉल्ट डेव्हिस २.०४ वर. हा डेव्हिस लहानपणी पोलिओने अंथरुणाला खिळलेला. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलही खेळला. पहिल्या आणि तिसऱ्यात अंतर सहा सेंटिमीटरचे, म्हणजे चार बोटेही नाही.

पण आम्हाला विचाराल तर तेलेसची खरी मोठी कामगिरी ही नव्हेच. ती चार वर्षांनंतरची, मेलबर्नची, आणि तिला पदक नाही. तिथे तो २०० मीटर धावला, अंतिम फेरीत पोहोचला आणि सहावा आला. पहिले तिघे अमेरिकन, त्यांत पहिला बॉबी मॉरो. उंच उडीचे पदक गळ्यात असलेला माणूस २०० मीटरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत! या दोन खेळांचे फारसे जमत नाही. एकात दहाबारा पावलांची मोजून-मापून केलेली धाव आणि शेवटी एका पायावर सगळा भार. दुसऱ्यात वळणावर अंग आत झुकवून श्वास संपेपर्यंत पळ. आजचा कुठलाही प्रशिक्षक अशा पोराला पहिल्याच आठवड्यात दटावेल, एक काहीतरी धर. तेलेसला असे कुणी दटावले नाही, किंवा दटावले असले तरी त्याने मनावर घेतले नाही. १९६० मध्ये तो रोमलाही गेला. अष्टपैलू माणसाची पंचाईत हीच असते. त्याला कोणत्या रकान्यात लिहायचे हे ठरेपर्यंत पान उलटलेले असते.

२३ जुलै १९५२ ही तारीख कराडकरांना वेगळी सांगायला नको. आदेमारचे सुवर्ण त्याच दिवशीचे, आणि कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे कुस्तीतले ब्राँझही. दुसऱ्या दिवशी भारताच्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकले आणि देशाचे डोळे तिकडे वळले. खाशाबांना गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढून घरी नेले. सरकारी आठवण यायला पुढे दशके लागली. दोन ब्राँझपदके, दोन्ही आपापल्या देशात सुवर्णाच्या सावलीत सापडलेली. एकाच ऑलिंपिकमध्ये असलेले हे दोघे एकमेकांना भेटले असण्याची शक्यता कमीच.

तेलेसचा १९७४ मध्ये रिओतच खून झाला. वय त्रेचाळीस. आदेमार २००१ पर्यंत जगला आणि ब्राझीलने त्याला पोटभर सन्मान दिले, ते योग्यच झाले.

उंच उडीत दक्षिण अमेरिकेच्या खात्यावर दुसरे ऑलिंपिक पदक आजवर नाही. कोलंबियाची कातेरीन इबार्ग्वेन २००४ साली अथेन्सला गेली ती उंच उडी मारायलाच. नंतर तिने दांडी सोडली, तिहेरी उडीचा खड्डा धरला, आणि २०१६ मध्ये रिओत, तेलेसच्याच गावात, सुवर्ण जिंकले.